मनाचा विटाळ

मनुष्याच्या हातून घडलेल्या पापाची मीमांसा आपल्या धर्मशास्त्रकारांनी फार बारकाईने करून ठेविली आहे. कोणत्या दोषाला कोणते प्रायश्चित्त, अजाणता घडला तर किती, जाणूनबुजून घडला तर किती, याची जणू कोष्टकेच त्यांनी मांडून दिली आहेत. परंतु जे पाप कधी घडलेच नाही, घडावे अशी इच्छाही नव्हती, केवळ त्याची कल्पना मनात चमकून गेली, त्याचे काय? त्या कल्पनेचा डाग मनुष्याला लागतो काय, आणि लागत असल्यास तो कोणत्या पाण्याने धुवावा? हा प्रश्न वरवर पाहता रिकामटेकड्या पंडितांचा वाटेल. पण याच एका प्रश्नापायी आयुष्याची माती झालेली माणसे आम्ही पाहिली आहेत. आणि त्यांपैकी एकाच्या दुःखात आमच्या सदिच्छेने भरच पडली, ही गोष्ट मनाला लागून राहिल्यामुळे हा विषय आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

आमचे थोरले काका कारंज्यास राहत असत. कारंजा लाड हे गाव आज वाशिम जिल्ह्यात आहे. १९९८ साली हा जिल्हा वेगळा होईपर्यंत ते अकोला जिल्ह्यात मोडत असे. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तसंप्रदायात या गावाची ख्याती मोठी, आणि त्यामुळे गुरुचरित्राचे सप्ताह ही तेथील घरांतून नित्याची गोष्ट. आमच्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या सुमारास, काकांच्या सोवळ्याचा आळीत मोठा लौकिक होता. पहाटे चार वाजता त्यांच्या विहिरीवरील रहाटाचा आवाज सुरू व्हावा, तो उजाडेपर्यंत थांबू नये. स्नान आटोपून मुकटा नेसून ते पोथीपुढे बसत, दहावीस ओव्या वाचीत, आणि एकाएकी थांबत. चेहरा काळवंडून जाई. पोथी मिटून ते पुन्हा विहिरीवर जात, आणि परत आल्यावर पहिल्या अध्यायापासून आरंभ करीत. सप्ताहाचा सातवा दिवस उजाडला तरी काका पहिल्या आठदहा अध्यायांतच घुटमळत असत. थंडीच्या दिवसांत त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त येई. शेजारचे लोक म्हणत, असा आचार या कलियुगात दुर्मिळ! आम्हा मुलांना त्यांची भीती वाटे, घरातील बायकांना त्यांचा जाच होई. पण या माणसाला काही दुखते आहे, अशी शंका कोणालाही आली नाही.

पुढे आम्ही पदवीची परीक्षा देऊन सुट्टीत त्यांच्याकडे गेलो असता, एके रात्री अंगणात निजल्या निजल्या ते आपण होऊन बोलू लागले. ज्या गुरूंच्या पायी त्यांनी जन्म वाहिला होता, त्यांच्याच मूर्तीकडे पाहताच त्यांच्या मनात एक अत्यंत ओंगळ शिवी उमटत असे. गेली तीस वर्षे हे चालले होते. शिवी आली की अंग विटाळल्यासारखे होई, म्हणून स्नान; स्नान करून बसले की पुन्हा तीच शिवी. शेवटी ते म्हणाले, "बाळ, विहिरीचं पाणी अंगावरचा मळ काढतं. जो आत बसून शिव्या देतो, त्याच्यापर्यंत पाणी पोहोचावं कसं? आणि तो आत बसलेला मीच नसेन कशावरून?"

त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. काकांना आता काळाने नेले आहे. त्यांच्या या दोन प्रश्नांपैकी पहिला विटाळाविषयी आहे आणि दुसरा स्वतःच्या ओळखीविषयी. या व्याधीचे सारे मर्म त्या दोन प्रश्नांत आले होते, हे समजावयास आम्हांस पुढे बरीच वर्षे लागली.

आपल्या भाषेत या अवस्थेला जुना शब्द आहे, तो 'मंत्रचळ'. मंत्राच्या अनुष्ठानात चूक झाली म्हणजे माणसाचे डोके फिरते, अशी लोकसमजूत होती, तीवरून हा शब्द आला. चूक झाली असेल या भीतीने तीच क्रिया पुन्हा पुन्हा करीत राहणाऱ्या माणसाचे चित्र त्यात हुबेहूब उतरले आहे. इंग्रजीत या व्याधीला ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह डिसऑर्डर म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसतो, त्याने जीव कासावीस होतो, आणि तो शमविण्यासाठी धुणे, मोजणे, तपासणे, मनातल्या मनात काही म्हणणे असली कृती करावीच लागते. तिने घटकाभर बरे वाटते, आणि त्या घटकाभराच्या बरे वाटण्यामुळेच ती कृती पुढच्या वेळी अधिक अनिवार्य होते. आपल्या देशात २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात या व्याधीचे प्रमाण शेकडा एकाहून थोडे कमी आढळले. म्हणजे हजार वस्तीच्या गावातही असे सातआठ जण असावयाचे. आणि ते बहुधा गप्पच असावयाचे.

धुणाऱ्यांमध्येही दोन प्रकार असतात. नाल्याच्या पाण्याला किंवा रोग्याच्या वस्त्राला हात लागला म्हणून जो हात धुतो, त्याला निदान घाण कोठे लागली हे दाखविता येते. परंतु कित्येकांना कशालाही स्पर्श न होता आतून मळल्यासारखे वाटते. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले रॅकमन यांनी १९९४ साली या दुसऱ्या प्रकाराकडे लक्ष वेधले आणि पुढे त्यास 'मानसिक विटाळ' या अर्थाचे नाव रूढ झाले. या विटाळाचे मूळ वस्तूत नसते. ते बहुधा माणसात असते: कोणी केलेला घोर अपमान, विश्वासघात, अत्याचार, किंवा स्वतःच्याच मनातील एखादी आठवण, एखादे चित्र, एखादा शब्द. अत्याचार सोसलेली स्त्री वर्षानुवर्षे अंग घाशीत राहते आणि अत्याचार करणारा निर्धास्त फिरतो, एवढ्या एका गोष्टीवरून हा विटाळ पापाच्या मागोमाग जात नाही, हे कोणाच्याही ध्यानात यावे. मूळ कातडीवर नसल्यामुळे तो धुऊन जात नाही, आणि धुऊन जात नाही म्हणूनच धुण्याला अंत राहत नाही.

काका ज्या पहिल्या अध्यायांत घुटमळत असत, त्यांतच, म्हणजे गुरुचरित्राच्या सातव्या अध्यायात, गोकर्णमाहात्म्याच्या निमित्ताने मित्रसह राजाची कथा आली आहे. राजाने एका राक्षसाला मारिले. त्याचा भाऊ सूड घेण्यासाठी आचारी होऊन राजवाड्यात शिरला आणि त्याने श्राद्धाच्या पानात वसिष्ठांना नरमांस वाढविले. वसिष्ठांनी राजाला शाप दिला. निरपराध राजाने संतापून उलट शाप देण्यासाठी हातात पाणी घेतले, तोच राणीने त्यास आवरिले. आता ते मंत्रिलेले पाणी टाकावे कोठे? राजाने ते आपल्याच पायांवर टाकिले, आणि त्याचे पाय डागाळले. तेव्हापासून त्याचे नाव कल्माषपाद पडले. पुढे शापामुळे राक्षस होऊन फिरत असता त्याने एका ब्राह्मणाला खरोखरच खाल्ले. तेव्हा ब्रह्महत्या त्याच्या मागे लागली, आणि तिच्या निवारणासाठी गौतम ऋषींनी त्यास गोकर्णाची वाट दाखविली.

ही कथा आम्ही अनेकदा ऐकिली होती, पण तिच्यातील एक गोष्ट काकांच्या मरणानंतर प्रथम लक्षात आली. पुराणकाराने येथे दोन डाग वेगळे ठेविले आहेत. क्रोध आला, हातात पाणीही घेतले, पण शाप दिला नाही, त्याचा डाग पायांवर पडला. त्या डागासाठी राजाला कोणी तीर्थास धाडिले नाही. तो केवळ त्याच्या नावाचा भाग होऊन राहिला. ब्रह्महत्या मागे लागली ती हत्या घडल्यानंतरच. डागाळलेले पाय घेऊन राजा राज्य करू शकला असता. काका मात्र त्या डागालाच ब्रह्महत्या समजून, जन्मभर त्यासाठी गोकर्ण शोधीत राहिले.

इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांना हाच भेद दुसऱ्या एका जोडीवरून स्पष्ट होईल. शेक्सपिअरच्या नाटकातील लेडी मॅक्बेथ झोपेत चालता चालता हात चोळिते. तिच्या हाताला रक्त दिसत नसले तरी राजाचा खून तिच्या संमतीने, तिच्या घरात झालेला असतो. तिची टोचणी खऱ्या कर्माची आहे. उलट, जॉन बनियन या धर्मोपदेशकाने १६६६ साली तुरुंगात असता प्रसिद्ध केलेले आत्मवृत्त पाहावे. ख्रिस्ताला विकून टाक, ही एकच कल्पना त्याच्या मनावर रात्रंदिवस आदळत होती. जेवताना, लाकडे फोडताना, प्रत्येक क्षणी. 'विकणार नाही' असे तो मनातल्या मनात ओरडे आणि ती कल्पना दूर सारण्यासाठी हाताकोपरांनी ढकलल्यासारखे करी. त्याने काहीही विकले नव्हते, आणि तरी त्याचा क्लेश लेडी मॅक्बेथच्या क्लेशाहून हलका नव्हता. क्लेशाच्या तीव्रतेवरून अपराधाचे माप काढता येत नाही, ही गोष्ट बनियनला उमगली असती तर त्याची कित्येक वर्षांची तळमळ वाचली असती.

मग हा विचार येतो तरी का, आणि नेमका असलाच का येतो? १९७८ साली रॅकमन आणि मूळचे सिंहलद्वीपचे पद्मल डी सिल्वा या दोघांनी निरोगी व व्याधिग्रस्त अशा दोन्ही प्रकारच्या माणसांना त्यांच्या मनातील नकोशा विचारांविषयी विचारिले. बहुसंख्य निरोगी माणसांनीही असले विचार येत असल्याचे सांगितले, आणि विषय पाहिले तर ते व्याधिग्रस्तांच्या विचारांसारखेच होते. पुढे सहा खंडांतील तेरा देशांतील ७७७ विद्यार्थ्यांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत मागील तीन महिन्यांत असा निदान एक तरी विचार येऊन गेल्याचे सांगणारे शेकडा ९४ निघाले. उंच कड्यावर उभे असता उडी मारावी की काय असे वाटणे, भर सभेत अभद्र शब्द तोंडातून निघेल अशी कल्पना येणे, हे बहुतेकांना माहीत आहे. फरक इतकाच की, बहुतेक माणसे 'काय हे भलतेच!' असे म्हणून पुढे जातात, आणि एखादा मात्र तेथेच थबकतो व स्वतःला विचारितो, 'असा विचार ज्याला येतो तो कोण असला पाहिजे?'

या थबकण्याचा विचार कॅनडातील फ्रेडरिक आर्डेमा आणि त्यांचे सहकारी यांनी केला आहे. त्यांच्या मते अशा माणसाच्या मनात आपण स्वतः कोण होऊन बसू याची एक भीतिप्रद मूर्ती वसत असते. आपण वस्तुतः खुनी, लंपट, कृतघ्न किंवा नास्तिक आहोत आणि हे केव्हा तरी उघडकीस येईल, असा त्यास धाक असतो. ही मूर्ती प्रत्यक्ष आयुष्यातील पुराव्यावरून घडलेली नसते. ती शक्यतेवरून घडलेली असते. 'मी असे कधी केले नाही' हे त्याला मान्य असते. 'पण करणारच नाही कशावरून?' या प्रश्नापुढे त्याचा सारा अनुभव लटका पडतो. आणि ज्याला जे सर्वांत प्रिय, त्याच ठिकाणी ही मूर्ती उभी राहते. देवाधर्माची पर्वा नसलेल्याला मूर्तीपुढे शिवी आठवली तर तो हसून सोडून देईल. काकांना ती सुचली आणि सोसवली नाही, कारण त्यांचा भाव खरा होता. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण आपण सहज वापरितो. पण येथे मन वैरी होते ते प्रेमाचाच आधार घेऊन, हे तीत सांगावयाचे राहून गेले आहे.

आता आमच्या हातून घडलेली चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात रिसोड तालुक्यातील एक विद्यार्थी होता. घरची थोडी शेती, सोयाबीन-तुरीचे पीक. मुलगा हुशार व मनाचा मृदू. त्याची बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती. एके संध्याकाळी तिच्या तान्ह्या मुलाला घेऊन तो गच्चीवर उभा असता, 'याला खाली टाकले तर?' असा विचार त्याच्या मनात चमकला. त्याने बाळाला बहिणीजवळ दिले आणि त्या दिवसापासून घरी जाणे टाळिले. त्या दिवशी अंगात होता तो सदरा त्याने देऊन टाकिला. वर्गात तो विचार आला तर ज्या वहीत तो लिहीत असे ती वही फेकून देई. बाळाचे नाव निघाले की हात धुवावयास उठे. भाऊ कशाने रागावला, म्हणून बहीण तिकडे रडत होती. आणि आपल्यासारख्या खुनी माणसाची सावलीही बाळावर पडू नये, म्हणून हा इकडे झुरत होता.

त्याने मोठ्या कष्टाने आम्हांस हे सांगितले आणि विचारिले, "सर, मी तसा नाही ना?" आम्ही मनापासून म्हणालो, "नाही रे, मुळीच नाही." त्याचा चेहरा उजळला. आठ दिवसांनी तो पुन्हा आला, प्रश्न तोच. पुढे रोज येऊ लागला, आणि पुढे रात्री-अपरात्री त्याचे दूरध्वनी येऊ लागले. दर वेळी आम्ही नवीन युक्तिवाद करून त्याचे निर्दोषत्व सिद्ध करीत असू, आणि दर वेळी ते सिद्धत्व अधिकाधिक लवकर विरत असे. परीक्षेला तो बसला नाही. शेवटी आम्ही त्यास घेऊन अकोल्यास एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि आम्हांसच विचारिले, "आपण आजवर किती वेळा 'नाही' म्हणालात?" तेव्हा एकदम थोरल्या काकांच्या रहाटाचा आवाज आमच्या कानात घुमला. आमचे प्रत्येक 'नाही' म्हणजे त्या मुलाने अंगावर ओतून घेतलेला एकेक तांब्या होता, आणि विहीर आम्ही होतो.

येथे मूळ प्रश्नाकडे वळू. नुसत्या विचाराचे पाप लागते काय? आपल्या परंपरेने याचा विचार केलेला नाही असे नाही. परीक्षित राजाने कलीला हाती सापडला असताही जिवे का मारिले नाही, याचे कारण भागवतात दिले आहे, ते असे की, या युगात पुण्यकर्म लवकर फळते, पण पाप प्रत्यक्ष केल्यावाचून फळत नाही. सत्संकल्पाचे पुण्य पदरात पडते आणि दुष्ट कल्पनेचे पाप कृतीवाचून लागत नाही, ही समजूत याच आधारावर आपल्या वाडवडिलांत रूढ होती. कारंज्यात दत्तभक्तांच्या इतकीच जुनी जैनांची परंपरा आहे, आणि जैन दर्शन तर मनातील हिंसेलाही हिंसा म्हणणारे! पण तेथेही उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करिताना 'प्रमत्त योग' ही अट घातली आहे. म्हणजे रागद्वेषाने, बेसावधपणाने मनुष्य जेव्हा मन, वाणी किंवा शरीर राबवितो, तेव्हा हिंसा होते. जो विचार येताच मनुष्य थरथर कापतो, बाळाला सुरक्षित हाती देऊन दूर पळतो, त्याच्या ठिकाणी प्रमाद कोठे आहे?

यावर कोणी अशी शंका घेईल की, 'मनी वसे ते स्वप्नी दिसे'. आत काही नसेल तर वर येईलच कशाला? शिवाय, विचारांची जबाबदारी अशी झटकून टाकिली तर मन शुद्ध करण्याच्या साऱ्या संतवचनांना अर्थ तो काय उरला? ही शंका क्षुद्र नाही. शेजाऱ्याच्या वाइटाचे चित्र रात्रीच्या रात्री रंगविणारा मनुष्य हात न उगारताही दोषी आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दारावर आलेला आणि घरात पोसलेला यांत अंतर आहे. जो विचार आपण बोलावितो, बसवून घेतो, त्यास दूधभात घालितो, तो आपला; त्याचा जाब आपण दिला पाहिजे. जो न बोलाविता येतो आणि ज्याच्या येण्याने आपण हवालदिल होतो, तो केवळ मनाच्या रस्त्यावरील रहदारीचा भाग होय. वाटसरूंचा जाब घरमालकाला विचारीत नाहीत. आणि मनी वसते ते काय, हेच जर पाहावयाचे असेल, तर त्या मुलाच्या मनी बाळाविषयीची माया वसत होती; तिच्यावाचून ही भीती उभीच राहिली नसती.

आत्मपरीक्षण आणि हा मंत्रचळ यांतील भेद ओळखण्याची एक साधी खूण आम्हांस सापडली आहे. खरे आत्मपरीक्षण दुसऱ्याकडे वळते. आपण कोणाला दुखविले असे ध्यानात आले की क्षमा मागावी, घेतलेले परत करावे, आणि तेथे ते संपते. मंत्रचळ मात्र आपल्याशीच सुरू होतो आणि आपल्याशीच फिरत राहतो. त्याने कोणाचे नुकसान भरून निघत नाही. आमच्याच वऱ्हाडात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हयातभर खराटा चालविला. पण तो गावाच्या रस्त्यावर, सर्वांना दिसणाऱ्या कचऱ्यावर. गाव झाडून झाले की बाबांचा खराटा थांबे आणि कीर्तन सुरू होई. काकांच्या रहाटाला मात्र थांबणे ठाऊक नव्हते.

येथे समाजाच्या पदरचा दोषही सांगितला पाहिजे. स्पर्शावाचून, नुसत्या सावलीने विटाळ होतो, ही कल्पना आपण शतकानुशतके शहाणपण म्हणून पाळिली. १९२७ साली डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी त्या तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून त्याची 'शुद्धी' केली. माणसाच्या ओंजळीने पाणी कसे बाटले, हे त्यांपैकी कोणाला दाखविता आले नसते. आम्ही रोगाला आणि अन्यायाला एका मापाने मोजीत नाही. ही व्याधी सर्व धर्मांत व सर्व देशांत आढळते, तिला मेंदूच्या व्यापाराची आणि आनुवंशिकतेचीही बाजू आहे. आणि सोवळे पाळणारे सगळेच आजारी होते, असे म्हणणे म्हणजे त्यांना जबाबदारीतून फुकट मोकळे करणे होय. सनातनी विटाळ दुसऱ्याच्या अंगावर टाकून स्वतः शुद्ध राहतो; हा रोगी तो सगळा स्वतःवर घेऊन स्वतःच्याच घरात अस्पृश्य होऊन बसतो. परंतु आपण जी भाषा मुलांना शिकवितो, त्याच भाषेत त्यांची दुखणी बोलतात. काकांची शिवी पाण्याकडे धावली, कारण पाप म्हणजे विटाळ आणि विटाळ म्हणजे स्नान, एवढाच धडा त्यांस मिळाला होता. आणि त्याच धड्यामुळे त्यांच्या यातनेला आम्ही सर्वांनी तीस वर्षे आचार म्हणून नमस्कार केला.

तर मग करावे काय? १९६६ साली व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये एक धाडस केले. अशा दोन रोग्यांना ज्याची भीती त्याच्यासमोर उभे केले आणि धुण्यादि क्रिया मात्र करू दिल्या नाहीत. भीती शिगेला पोचली, आणि काही न करिता हळूहळू ओसरली. त्यातून निघालेली उपचारपद्धती आज सर्वत्र मान्य आहे; औषधांनीही पुष्कळांना उतार पडतो. हे काम जाणत्याच्या देखरेखीखाली व्हावे. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर खेड्यातील मनुष्यालाही प्रथम सल्ला मिळू शकतो. घरच्या माणसांनी दोन गोष्टी टाळाव्या. थट्टा करू नये, हे उघडच आहे. दुसरी गोष्ट कठीण आहे: तोच प्रश्न शंभरदा विचारिला असता शंभरदा ग्वाही देऊ नये. 'तुला त्रास होतो आहे हे मला दिसते. पण याचे उत्तर आता मी देणार नाही, तुझ्याजवळ बसतो मात्र' एवढे म्हणावयास ग्वाही देण्याहून अधिक प्रेम लागते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

रोग्याला जे शिकावयाचे असते, ते आमच्या मते वैद्यकाइतकेच नीतीचेही आहे. आपण पूर्ण शुद्ध आहोत, आपल्या हातून वाईट कधीच घडणार नाही, अशी खात्री कोणत्याही मनुष्याला मिळालेली नाही. आम्हा निरोगी म्हणविणाऱ्यांनाही ती नाही. आम्ही फक्त तिच्यावाचून जगावयास शिकलो आहोत. ती खात्री पदरात पडल्यावर मग प्रेम करीन, मग पूजा करीन, मग बाळाला घेईन, असे जो म्हणेल, त्याची पूजा व त्याचे प्रेम दोन्ही खोळंबून राहतील. खात्री नसताही मायेचे कर्म करीत राहणे, हाच त्या भीतिप्रद मूर्तीला देण्यासारखा जबाब आहे. मनुष्य कोण आहे हे त्याच्या मनातून काय काय जाते त्यावरून ठरत नाही; ते जात असताही त्याचे हात काय करीत राहिले, यावरून ठरते.

त्या विद्यार्थ्याचे उपचार वर्षभराहून अधिक चालले. परीक्षा त्याने पुढे दिली. गेल्या पोळ्याला त्याचा निरोप आला. त्यात आम्हांस कोणताही प्रश्न विचारलेला नव्हता, एवढेच लिहिले होते: "भाच्याला खांद्यावर घेऊन बैल पाहावयास गेलो होतो. तोरणाखाली गर्दीत तो विचार आला. भाचा खांद्यावरच होता."